बंदिवानाचे हस्तलिखित

पुण्यातील एखाद्या सुशिक्षित कुटुंबातले पुस्तकांचे जुने कपाट उघडून पाहावे. त्यात तीन पुस्तके बहुधा जवळजवळच सापडतील. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’, विनोबांची ‘गीता प्रवचने’ आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’. पहिले आजोबांनी घेतलेले असते, दुसरे आजीच्या नित्यवाचनातले असते आणि तिसरे मुलांनी वाचून वाचून खिळखिळे केलेले असते. या तिन्ही ग्रंथांचे विषय निराळे आणि लेखकांच्या प्रकृतीही निराळ्या. परंतु त्यांचे जन्मस्थान एकाच जातीचे आहे. पहिला ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेला, दुसरा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात बोलला गेला व तेथेच साने गुरुजींनी तो उतरून घेतला, आणि तिसरा १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत हातावेगळा झाला. मराठी वाङ्मयातील मोलाचा भाग तुरुंगाच्या दारातून बाहेर आला आहे, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ते दार उघडले कोणी, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही.

आजच्या भाषणात मला तोच प्रश्न विचारावयाचा आहे. कैद्याने लिहिलेला कागद बाहेर जाऊ द्यावयाचा किंवा नाही, आणि कैद्याच्या नावे आलेला कागद आत पोचवावयाचा किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा, सरकारचा, की कायद्याचा? प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि त्याच्या उत्तरासाठी आपल्या प्रांतात सुमारे पाऊणशे वर्षे जावी लागली. आणि जे उत्तर मिळाले, ते मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील एका मराठी हस्तलिखितामुळे आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगातील एका न पोचलेल्या कागदामुळे मिळाले. त्या दोन कागदांची ही हकीकत आहे.

आरंभ लोकमान्यांपासून केला पाहिजे. २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी त्यांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांची रवानगी मंडालेस झाली. तेथे त्यांस पुस्तके मागविण्याची व लिहिण्याची मोकळीक मिळाली खरी, पण तिला कुंपण होते. सुटे कागद मिळावयाचे नाहीत. बांधलेल्या वह्या मिळावयाच्या आणि त्यांच्या पानांवर आकडे घातलेले असावयाचे, म्हणजे एखादे पान फाडून कोणाकडे धाडिले तर ते ताबडतोब कळावे. शाई नाही, लिहावयाचे ते शिसपेन्सिलीने. अशा वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून झाले. पुढे जून १९१४ मध्ये लोकमान्यांस पुण्यात मध्यरात्री त्यांच्या वाड्याशी आणून सोडण्यात आले, तेव्हा मनुष्य घरी आला, परंतु वह्या आल्या नाहीत. त्या सरकारकडे राहिल्या. दिवस जाऊ लागले तसतसा लोकांच्या मनात संशय वाढू लागला. स्वतः लोकमान्य मात्र म्हणत, की वह्या न मिळाल्या तर ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहून काढीन. सुदैवाने त्या परत मिळाल्या आणि १९१५ साली पुण्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या हकीकतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकमान्य कायद्याचे पंडित होते, कायद्याचा वर्ग चालविणारे होते. तरीसुद्धा आपल्या वह्यांसाठी त्यांनी स्मरणशक्तीचा भरवसा धरला. वह्या परत आल्या त्या सरकारच्या मर्जीने. मर्जी फिरती, तर मराठीतील एका थोर ग्रंथाची गती काय झाली असती, याचा विचारही करवत नाही.

दुसरा प्रसंग पुण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. जानेवारी १९३२ मध्ये महात्मा गांधींस पकडण्यात आले, ते १८२७ सालच्या मुंबई इलाख्यातील जुन्या रेग्युलेशनखाली. म्हणजे खटला नाही, शिक्षा नाही. ते सरकारचे ‘राजबंदी’ म्हणून येरवड्यास राहिले. सप्टेंबरात तेथेच त्यांचे उपोषण झाले व पुणे करार घडून आला. त्यानंतर अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यापुरती भेटी घेण्याची व लिहिण्याची परवानगी त्यांनी सरकारकडे मागितली आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये ती मिळाली. परिणाम असा झाला, की ११ फेब्रुवारी १९३३ रोजी ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्यात निघाला. लेखक तुरुंगाच्या भिंतीआड आणि त्याचे लेख शहरातील छापखान्यात! योगायोग असा, की त्याच आठवड्यात नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते.

पण त्याच वर्षीचा उत्तरार्ध पाहा. मे महिन्यात गांधीजींची सुटका झाली. ऑगस्टच्या आरंभी त्यांस पुन्हा पकडून एक वर्षाची शिक्षा देण्यात आली व पुन्हा येरवड्यास ठेवण्यात आले. तुरुंग तोच, माणूस तोच, लेखणी तीच, कार्यही तेच. मात्र या वेळी ते राजबंदी नसून शिक्षा झालेले कैदी होते. सबब पूर्वीची सवलत पूर्वीप्रमाणे मिळणार नाही, असे सरकारने सांगितले. १६ ऑगस्ट रोजी त्यांनी उपोषण आरंभिले. प्रकृती झपाट्याने ढासळू लागली, त्यांस ससून रुग्णालयात हलवावे लागले आणि २३ ऑगस्ट रोजी सरकारने त्यांस सोडून दिले. लिहिण्याचा प्रश्न सुटला नाही. लिहिणारा सुटला, इतकेच.

याच सुमारास रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांचा प्रसंग घडला. भंगीकाम आपणास करू द्यावे, अशी त्यांची मागणी होती, आणि सवर्ण कैद्याकडून ते काम घेण्यास तुरुंगाचा नियम आड येत होता. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण धरिले, तेव्हा कोठे सरकार हलले. या सर्व गोष्टींचे तात्पर्य स्पष्ट आहे. त्या काळी कैद्याला अधिकाऱ्यापुढे दोनच मार्ग मोकळे होते, अर्ज करणे किंवा अन्न सोडणे. अन्न सोडण्याचा मार्ग महात्म्याला फळला, कारण त्याच्या प्रत्येक श्वासाकडे देशाचे लक्ष होते. एखाद्या अनामिक कैद्याने जेवण टाकले असते, तर त्याची नोंद तुरुंगाच्या दप्तरापलीकडे क्वचितच गेली असती. हक्क नसलेल्या ठिकाणी मोठेपणाचा उपयोग होतो. सामान्य माणसाने काय करावे, हा प्रश्न तसाच राहतो.

स्वातंत्र्य आले, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि कैद्यापुढे तिसरा मार्ग उघडला. तो मार्ग न्यायालयाचा. त्या मार्गाने जाणारे पहिले महत्त्वाचे मराठी हस्तलिखित अध्यात्माचे नव्हते व राजकारणाचेही नव्हते. ते पदार्थविज्ञानाचे होते.

चीनच्या आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. भारत संरक्षण कायदा व त्याखालील नियम तयार झाले, आणि त्यांपैकी ३० व्या नियमान्वये खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याचा अधिकार सरकारास मिळाला. या नियमाखाली जे अनेक कम्युनिस्ट कार्यकर्ते धरले गेले, त्यांत कामगार चळवळीतील प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे होते. मुंबई जिल्हा तुरुंगात, म्हणजे आपण ज्यास आर्थर रोडचा तुरुंग म्हणतो तेथे, त्यांस ठेवण्यात आले होते. तेथे त्यांनी सरकारच्याच परवानगीने एक मराठी पुस्तक लिहिले. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय अणूच्या पोटातील मूलकणांचा. अनुक्रमणिका चाळणाऱ्या कोणासही दिसावे, की हे केवळ शास्त्रीय विषयाचे पुस्तक आहे.

सप्टेंबर १९६४ मध्ये संझगिरी यांनी महाराष्ट्र सरकारकडे अर्ज केला, की हे हस्तलिखित छापण्यासाठी तुरुंगाबाहेर पाठवू द्यावे. सहा महिन्यांनी, २७ मार्च १९६५ च्या पत्राने, उत्तर आले ते नकाराचे. त्यांनी मग तुरुंगाच्या अधीक्षकांकडे मागणी केली. तीही नामंजूर झाली. येथपर्यंतची कथा जुन्या कथेसारखीच आहे. परंतु पुढचे पाऊल नवे होते. त्यांनी घटनेच्या २२६ व्या कलमान्वये मुंबई उच्च न्यायालयात अर्ज दाखल केला आणि सरकारला व तुरुंगाला आपल्या वागणुकीचे कारण न्यायासनापुढे सांगावयास लाविले.

सरकारने काय कारण सांगितले, हे ऐकण्यासारखे आहे. या पुस्तकामुळे देशाच्या संरक्षणास धोका पोचेल, असे सरकार म्हणाले नाही. तसे म्हणण्याजोगे त्यात काही नव्हतेच. सरकारचे म्हणणे एवढेच, की स्थानबद्धास पुस्तक प्रसिद्ध करू देण्याचे बंधन कायद्याने आमच्यावर नाही. त्याचा आधार असा. स्थानबद्धांस कोणत्या अटींवर ठेवावे याविषयी १९५१ चा मुंबई सरकारचा एक आदेश होता. त्यात भेटी, पत्रे, पुस्तके वगैरेंसंबंधी कलमे होती. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्ध मनुष्याने स्वातंत्र्य गमावलेले असते. त्यानंतर त्याला जे काही मिळते ते या आदेशाने दिलेली सवलत म्हणून मिळते. पुस्तक बाहेर पाठविण्याची सवलत आदेशात लिहिलेली नाही. जे दिलेले नाही ते मागता येत नाही.

आपल्यापैकी ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध आला असेल, त्यांस ही विचारसरणी चांगली परिचयाची वाटेल. नियमात नाही, म्हणून होणार नाही. खिडकीपलीकडच्या कारकुनापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत हे वाक्य सर्वत्र चालते. आणि तुरुंगात तर ते ब्रह्मवाक्यच होऊन बसते, कारण तेथे दुसऱ्या खिडकीपाशी जाण्याची सोय नसते.

उच्च न्यायालयाने हे म्हणणे मान्य केले नाही. स्थानबद्धतेच्या हुकमाने नागरिकाचे सर्व हक्क पुसले जात नाहीत. त्या स्थितीत लागू असलेल्या अटी पाळून त्याला आपले उद्योग करता येतात, आणि पुस्तक बाहेर पाठविण्यास मनाई करणारी कोणतीही अट दाखविता येत नाही, असा निर्णय देऊन न्यायालयाने हस्तलिखित संझगिरी यांच्या पत्नीकडे पाठवू देण्याचा हुकूम सरकारास केला. सरकार स्वस्थ बसले नाही. एका मूलकणांवरील मराठी पुस्तकासाठी महाराष्ट्र शासन थेट दिल्लीस सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी. त्यांनी सरकारचा युक्तिवाद उलटा करून त्याची परीक्षा केली. १९५१ चा आदेश हा हक्क देणारा कागद आहे, की हक्कांवर मर्यादा घालणारा? जर तो हक्क देणारा मानला, तर त्यात जे लिहिलेले नाही ते काहीच कैद्याला मिळणार नाही. मग उद्या जेवणाचे कलम लिहावयाचे राहून गेले, तर त्यास उपाशी मारण्यासही हरकत उरणार नाही. ज्या विचाराचा शेवट अशा ठिकाणी होतो, तो विचारच चुकीचा असला पाहिजे. म्हणून आदेशातील अटी या मर्यादा होत. जेथे मर्यादा घातलेली नाही, तेथे मनुष्याचे स्वातंत्र्य, तो तुरुंगात असला तरी, शिल्लक असते.

आणखी एक अडथळा होता, आणि तो अधिक बिकट होता. आणीबाणीमुळे ३ नोव्हेंबर १९६२ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या २१ व्या कलमातील वैयक्तिक स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाटच स्थानबद्धांपुरती बंद झालेली होती. मग हा अर्ज ऐकावयाचा कसा? न्यायमूर्तींनी त्या आदेशाचे शब्द बारकाईने पाहिले. भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याखालील नियमाने ज्याचे स्वातंत्र्य हिरावले असेल, त्याच्यापुरती वाट बंद होती. पण पुस्तक बाहेर पाठविण्यास मनाई करणारा नियमच नव्हता. तो नकार अधिकाऱ्याच्या मनाचा होता. कायद्याचा आधार नसलेल्या नकाराला आणीबाणीचे संरक्षण मिळत नाही. सरकारचे अपील फेटाळले गेले.

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५ होती. आपणांपैकी वयस्कांस ही तारीख दुसऱ्याच कारणासाठी आठवत असेल. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या आघाडीवर सीमा ओलांडली. एकीकडे देश युद्धात उतरलेला, आणि त्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने, देशाच्या संरक्षणासाठी म्हणून कोंडलेल्या एका माणसाला सांगितले, की तुझे हस्तलिखित तुझे आहे आणि ते बाहेर जाईल. संकटकाळात कायदा मुका होतो, अशी समजूत जगात फार जुनी आहे. त्या दिवशी तरी ती समजूत खरी ठरली नाही.

या निकालाचे महत्त्व कळण्यासाठी इतर देशांकडेही किंचित नजर टाकणे उपयोगी होईल. अमेरिकेत १८७१ साली व्हर्जिनिया राज्याच्या न्यायालयाने शिक्षा झालेल्या कैद्यास राज्याचा गुलाम म्हटले होते. त्यानंतर कितीतरी वर्षे तुरुंगाच्या आत काय चालते त्यात आपण पडावयाचे नाही, असेच तेथील न्यायालयांचे धोरण असे. जून १९६४ मध्ये, म्हणजे संझगिरी यांनी अर्ज करण्याच्या तीनच महिने अगोदर, इलिनॉय राज्यातील थॉमस कूपर या कैद्याचा अर्ज तेथील सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेण्याजोगा ठरविला. आपल्या धर्मश्रद्धेमुळे आपणास धार्मिक प्रकाशने मिळू दिली जात नाहीत, अशी त्याची तुरुंगाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती. इंग्लंडात तर १९८२ साल उजाडावे लागले. आल्बनी येथील तुरुंगाच्या गव्हर्नराने एका कैद्याचे कागद न्यायालयाकडे जाऊ दिले नाहीत, त्या खटल्यात लॉर्ड्सच्या सभेने ठरविले, की कायद्याने स्पष्टपणे किंवा अपरिहार्यपणे जे हक्क काढून घेतलेले नाहीत, ते सर्व कैद्यापाशी राहतात. ज्या इंग्रजांच्या कायद्याचे धडे आपण गिरविले, त्यांच्यापेक्षा सतरा वर्षे आधी आपल्या न्यायालयाने हेच तत्त्व एका मराठी पुस्तकाच्या निमित्ताने जवळजवळ शब्दशः सांगितले होते. गंमत पाहा, की या तिन्ही खटल्यांत वादाची वस्तू एकच होती: कागद.

तथापि यावरून सर्व काही साध्य झाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच एक फट होती. नियम नाही म्हणून नकार बेकायदा. पण उद्या सरकारने नियमच केला तर? आणि राष्ट्रपतींच्या आदेशाचे शब्दच अधिक व्यापक केले तर? दहा वर्षांनी ही शंका खरी ठरली. २५ जून १९७५ रोजी पुन्हा आणीबाणी आली. येरवड्याचा तुरुंग निरनिराळ्या पक्षांच्या स्थानबद्धांनी भरून गेला. या वेळी राष्ट्रपतींच्या आदेशात पूर्वीची ती शब्दयोजना ठेवलेली नव्हती; दाराला फट उरलेली नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरविले, की आणीबाणी चालू असेतो स्थानबद्धास आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना होते. १९६५ साली ज्या दारातून एक हस्तलिखित बाहेर आले होते, ते दार त्या दिवशी माणसांनाही बंद झाले. पुढे घटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने २१ व्या कलमाचा आधार आणीबाणीतही काढून घेता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निर्णय स्वतःच चुकीचा म्हणून टाकून दिला.

आता दुसऱ्या कागदाकडे, म्हणजे येरवड्याच्या कागदाकडे, वळू. हा कागद बाहेर जाणारा नसून आत येणारा होता. आणि ज्याच्यासाठी तो येणार होता, त्याच्याविषयी आदर वाटावा असे काही नव्हते. माधव हयवदनराव हॉस्कोट हे सौराष्ट्र विद्यापीठातील प्रपाठक. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्यासाठी त्या विद्यापीठाचा शिक्का बनवून घेण्याचा त्यांचा प्रयत्न होता आणि त्याबद्दल मुंबईत त्यांच्यावर खटला झाला. सत्र न्यायालयाने दोषी ठरवूनही एक दिवसाची साधी कैद व दंड एवढीच शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७३ मध्ये ती तीन वर्षांपर्यंत वाढविली. या निकालाविरुद्ध हॉस्कोट सर्वोच्च न्यायालयात गेले, ते चार वर्षांहून अधिक विलंबाने, शिक्षा भोगून झाल्यावर.

एवढा उशीर का, असे विचारता त्यांनी सांगितले, की निकालाची प्रतच मला मिळाली नाही. चौकशीत असे दिसले, की उच्च न्यायालयाने निकालाची विनामूल्य प्रत त्यांच्यासाठी पुण्यास येरवडा मध्यवर्ती तुरुंगाच्या अधीक्षकांकडे वेळेवर पाठविली होती. पण ती कैद्याच्या हाती पडली, असे दाखविणारी त्याची सही दप्तरात कोठेही नव्हती. निकालाची प्रत नाही, तर अपील कशावर करावयाचे? आणि अपिलाची मुदत तर तुरुंगाच्या भिंतीबाहेरच्या घड्याळाप्रमाणे चालूच राहते. मुंबईहून पुण्यापर्यंत कागद आला, येरवड्याच्या दारापर्यंत आला, आणि दारापासून कोठडीपर्यंतच्या वाटेत कायदा संपला.

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. हॉस्कोट यांचे अपील ऐकण्याजोगे नाही, त्यांच्या गुन्ह्याविषयी कोणताही संशय नाही, असे सांगून त्यांनी अर्ज फेटाळला. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कैदेची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत विनामूल्य द्यावी. ती तुरुंगाकडे आल्यास अधिकाऱ्याने विनाविलंब कैद्याच्या हाती द्यावी व त्याची लेखी पोच घ्यावी. अपील करावयाचे असल्यास तुरुंगाने सर्व सोयी पुरवाव्या. आणि गरिबीमुळे वा एकान्तवासामुळे ज्यास वकील लावता येत नाही, त्यास, त्याची हरकत नसेल तर, न्यायालयाने सरकारी खर्चाने लायक वकील द्यावा, असे नियम त्यांनी घालून दिले. हे सर्व २१ व्या कलमातून निघते, असे न्यायालय म्हणाले. मागणारा हरला, आणि त्याच्यामागून येणाऱ्या हजारोंसाठी नियम झाला.

मला ही गोष्ट आर्थर रोडच्या विजयाइतकीच मोठी वाटते. संझगिरी यांच्याविषयी कोणासही सहानुभूती वाटेल. तुरुंगात बसून मराठीत विज्ञान लिहिणारा मनुष्य! लोकमान्य व महात्माजी तर आपल्या पूजेचे विषय. हक्काची खरी कसोटी तेथे लागत नाही. ज्याने पदव्यांचा बाजार मांडण्याचा उद्योग केला, ज्याला दोषी ठरवून न्यायासनाने शिक्षा वाढविली, त्याच्याही नावाचा कागद त्याच्याच हातात पडला पाहिजे, असे जेव्हा कायदा म्हणतो, तेव्हा तो हक्क माणसाच्या योग्यतेवर अवलंबून राहत नाही. कारण माणसाची योग्यता ठरविण्याचे काम एकदा अधिकाऱ्याकडे सोपविले, की आपण फिरून मर्जीच्या राज्यात येऊन पोचलो.

आणि ते राज्य अजून पुरते बुडालेले नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे अशी हकीकत आली, की तळोजा तुरुंगातील एका बंदिवानास पी. जी. वुडहाउस या इंग्रज विनोदी लेखकाचे पुस्तक सुरक्षिततेचे कारण दाखवून नाकारण्यात आले. हा प्रकार न्यायमूर्तींस हास्यास्पद वाटला, व तसे त्यांनी बोलूनही दाखविले. सत्तावन्न वर्षांपूर्वी मूलकणांच्या पुस्तकाची भीती वाटली, आता विनोदी कादंबरीची वाटली. तुरुंगाच्या दाराशी बसणाऱ्या माणसाचा स्वभाव फारसा पालटत नाही. पालटले ते इतकेच, की आता त्याच्या नकारावर दाद मागता येते. आणि ती मागावयास जिवावर उदार व्हावे लागत नाही.

म्हणून पुढच्या खेपेस कपाटातून ‘गीतारहस्य’ किंवा ‘श्यामची आई’ काढाल, तेव्हा त्या पुस्तकांबरोबरच एका साध्या कागदाचीही आठवण ठेवावी. त्यावर थोर विचार नाहीत, मातेच्या स्मृती नाहीत. निकालाची प्रत मिळाली, एवढाच मजकूर, खाली तारीख, आणि त्याखाली एखाद्या कैद्याची वेडीवाकडी सही किंवा अंगठ्याचा ठसा. न्यायालयाने मागितलेली ती लेखी पोच तुरुंगाच्या दप्तरात खरोखर नोंदली जाते किंवा नाही, यावरून त्या दाराआड कायदा पोचला की नाही, हे ओळखता येते.